दोरीचा हिशेब आहे, सुईचा नाही

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017. कलम 97, पोटकलम 4. रुग्णाला शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधता येणार नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधता येणार नाही, असे ते बजावते. हे वाक्य लिहिणाऱ्याने वॉर्ड पाहिलेला असणार. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक मामा उरले की दोरी किती सहज हाताशी येते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने ती पळवाट आधीच बुजवली.

दुसरी मात्र उघडी राहिली. हे कलम शारीरिक बंधनाविषयी बोलते. औषधाने घातलेल्या बंधनाविषयी त्यात अवाक्षर नाही.

दोरीचा हिशेब कायदा कसा मागतो ते पाहा. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका हवा आणि बांधण्याखेरीज दुसरा मार्ग उरलेला नसावा. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी हवी. कसे बांधले, का बांधले, किती वेळ बांधले, याची नोंद लगेच रुग्णाच्या कागदपत्रांत हवी. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवायला हवे. बांधलेल्या माणसावर वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सतत देखरेख हवी. आणि अशा प्रत्येक प्रसंगाची माहिती दर महिन्याला मानसिक आरोग्य मंडळाकडे जायला हवी.

सुईचा हिशेब केसपेपरवर एका ओळीत मावतो. ‘इंज. सेरेनेस + फेनर्गन, आयएम, स्टॅट.’ म्हणजे शांत करणारी दोन औषधे, स्नायूत, ताबडतोब. खाली सही. अनेकदा किती वाजता दिले, तेही लिहिलेले नसते.

नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्री अकराला दिसू शकेल असा प्रसंग घ्या. सिन्नरकडून एक जीप येते. मागच्या सीटवर पस्तिशीचा माणूस. दोन्ही मनगटे उपरण्याने बांधलेली, दोन्ही बाजूंना भाऊ. दोन रात्री तो झोपलेला नाही. मध्येच शिव्या, मध्येच रडणे, मध्येच हात उगारणे. ड्यूटीवरचा डॉक्टर पंचविशीतला. थोरला भाऊ म्हणतो, “साहेब, आधी झोपेचं इंजेक्शन द्या, मग काय ते विचारा. आवरत नाही हो आता.” चौघे धरतात, पाचवा सुई टोचतो. उपरणे सोडले जाते. वीसेक मिनिटांत माणूस निवतो. भावांना हायसे वाटते, डॉक्टरलाही. स्ट्रेचर भिंतीकडे सरकवले जाते आणि डॉक्टर पुढच्या अपघाताकडे वळतो.

कलम 97 च्या नजरेत या माणसाचे बंधन सुटले. प्रत्यक्षात ते मनगटावरून रक्तात गेले. उपरणे दिसत होते, तोवर कुणीतरी विचारले असते की याला कधी सोडणार. आता विचारण्यासारखे काही दिसतच नाही.

हे म्हणणे औषधाविरुद्ध नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एर्वाडीत साखळदंडाने जखडलेली 28 मनोरुग्ण माणसे आगीत गेली. पळता आले नाही म्हणून गेली. त्या साखळ्यांच्या जागी योग्य औषध मिळणे हे माणुसकीचे पाऊल आहे. 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊ लागले, 1958 मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल तयार झाले, आणि जगभरच्या मनोरुग्णालयांतला आरडाओरडा कमी झाला. ज्या घरात रात्रभर कुणी डोळ्याला डोळा लावलेला नाही, त्या घराला या सुईचे मोल विचारा.

कोणती सुई चांगली, याचे उत्तरही आपल्याच देशात सापडले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी खऱ्याखुऱ्या तातडीच्या रुग्णांवर चाचण्या केल्या. 2004 च्या अहवालात 200 रुग्ण होते, 2007 च्या अहवालात 300. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन, म्हणजे आपल्याकडचे सेरेनेस-फेनर्गन, या स्वस्त जोडीने लोराझेपामपेक्षा लवकर शांतता आणली. महागड्या ओलान्झापिनशी तुलना केली तेव्हा 15 मिनिटांत शांत झालेल्यांचे प्रमाण जोडीच्या गटात 91 टक्के होते, ओलान्झापिनच्या गटात 87 टक्के. पण पुढच्या चार तासांत पुन्हा औषध द्यावे लागले ते जोडीच्या गटात 21 टक्क्यांना, ओलान्झापिनच्या गटात 43 टक्क्यांना. फेनर्गन जोडीला का हवे, हेही सिद्ध झालेले आहे. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोत एकटे हॅलोपेरिडॉल दिलेल्या गटात दहा जणांचे स्नायू आखडले, जोडीच्या गटात एकाचेही नाही. ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

या आकड्यांत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. वेल्लोरला कुणीतरी सुई दिल्यावर 15 मिनिटांनी, 30 मिनिटांनी, एक तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी रुग्णाजवळ जाऊन उभे राहिले आणि काय दिसले ते लिहिले. म्हणून आज आपल्याला औषध माहीत आहे. आपण वेल्लोरचे औषध उचलले. वेल्लोरचे घड्याळ तिथेच ठेवले.

खरे काम सुई दिल्यानंतर सुरू होते. रक्तदाब घसरू शकतो. श्वास मंदावू शकतो, विशेषतः पोटात दारू असेल तर. मान एका बाजूला वळून आखडते, डोळे वर जातात, जबडा अडकतो. रुग्णाला आपण मरतोय असे वाटते आणि नातेवाइकांना वाटते की वेड वाढले. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. क्वचित ताप चढून शरीर ताठ होते, आणि ते ओळखायला उशीर झाला तर जीव जातो. यांतले बहुतेक सारे वेळेवर दिसले तर आवरता येते. त्यासाठी पहिला तासभर दर 15 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि शुद्ध पाहणारे माणूस लागते. यंत्र साधे आहे. माणूस हवे.

आणि मुळात जीपमधून आणलेला तो माणूस मनोरुग्ण होता का? साखर उतरलेला मधुमेही हात उगारतो. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला शिव्या देतो. रोजची दारू दोन-तीन दिवसांपूर्वी अचानक सुटलेल्याला भिंतीवर किडे दिसतात. मेंदूज्वराचा ताप चढलेली मुलगी कुणालाही ओळखत नाही. लघवीतल्या जंतुसंसर्गाने सत्तरीतले आजोबा सलाइन उपटून टाकतात. बाहेरून सगळे एकसारखे दिसते आणि एकाच सुईने सगळे शांत होतात. साखर मोजायला एक मिनिट पुरते. ती न मोजता झोपवलेला माणूस झोपेत नाही, बेशुद्धीकडे चाललेला असू शकतो. ओरडणाऱ्या रुग्णाकडे सारा वॉर्ड पाहतो. निजलेल्याकडे कुणी पाहत नाही. सुईने गप्प केलेल्या माणसाकडे वॉर्डाने सर्वांत जास्त पाहायला हवे, आणि नेमका तोच नजरेआड होतो.

नाशिकला हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथे सुई प्रवासासाठीही लागते. राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्याच्या वाट्याला त्यांतले एकही आलेले नाही. जवळचे म्हणजे ठाणे. ते 1901 चे. कसारा घाट उतरून सुमारे दीडशे किलोमीटर. त्याआधी सुरगाणा, पेठ किंवा मालेगावहून नाशिकपर्यंतचा रस्ता वेगळा. कलम 94 नुसार तातडीचे उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर देऊ शकतो. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. मुदत 72 तास, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांतले जे आधी येईल ते. जवळच्या संस्थेपर्यंत नेणे हाही त्या उपचाराचाच भाग.

आता हिशेब करा. ग्रामीण रुग्णालयात एक सुई. जिल्ह्याच्या ठिकाणी येईपर्यंत तिचा अंमल उतरला म्हणून दुसरी. घाटात गडबड नको म्हणून निघताना तिसरी. तीन डॉक्टर, तीन कागद. रेफरच्या चिठ्ठीवर ‘सेडेटेड’ एवढाच शब्द. कोणते औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता, हे पुढच्या डॉक्टरने ओळखायचे कसे? ओलान्झापिनची सुई दिल्यावर तासाभराच्या आत लोराझेपामची सुई देऊ नये, कारण रक्तदाब आणि श्वास दोन्ही एकदम खाली जाऊ शकतात. हे पुस्तकात आहे. पण आधीची सुई कोणती होती तेच कळले नाही, तर पुस्तकाचा काय उपयोग? प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतो आणि तरी रुग्णाच्या अंगात तिप्पट औषध गेलेले असते.

यावर डॉक्टरांचे म्हणणे रास्त आहे आणि ते ऐकायलाच हवे. केरळात कोट्टारक्कराला 10 मे 2023 रोजी पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या माणसाने डॉ. वंदना दास यांना कात्रीने भोसकून मारले. रात्रपाळीच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला ती बातमी पाठ आहे. समोर हात उगारलेला असताना फॉर्म कोण भरणार, हा त्यांचा सवाल आहे. बरोबर. त्या क्षणी कुणीच भरणार नाही, भरूही नये. नोंद मागायची ती नंतरच्या तासाची. तो तास शांत असतो. त्या तासात लिहिलेल्या चार ओळी उद्या काही विपरीत घडले तर डॉक्टरच्याच बाजूने उभ्या राहतात. का दिले, आधी काय करून पाहिले, नंतर किती वेळा पाहिले, हे कागदावर असलेला डॉक्टर सुरक्षित. नुसते ‘स्टॅट’ लिहिलेला उघड्यावर.

आता मुख्य मुद्दा. सुईचा हिशेब नसल्याने एक गोष्ट सोयीस्करपणे झाकली जाते: रिकाम्या जागा. हात उगारणाऱ्या माणसाशी शांत आवाजात बोलत, त्याला बसायला जागा देत, पाणी देत, गोळी तोंडाने घ्यायला राजी करत अर्धा तास काढणे, हाही उपचार आहे. सुईच्या आधी तो करायचा असतो. पण त्याला माणसे लागतात. शिकलेली, न घाबरणारी, दुसरे काम खोळंबलेले नसणारी माणसे. ती नसली की सुई लवकर निघते. मग ती आजारासाठी दिली की रात्रपाळीसाठी, हे सांगता येत नाही.

सांगता येईल, जर मोजले तर. महिन्यात अशी किती इंजेक्शने दिली? किती दिवसा, किती रात्री? किती सुटीच्या दिवशी? एकाच रुग्णाला किती वेळा? कोणत्या वॉर्डात? काही आजार रात्री बळावतात, हे खरे. रविवारी बळावणारा आजार नाही. रविवारचा आकडा शुक्रवारपेक्षा चढा निघाला तर ते निदान रुग्णाचे नाही, ड्यूटी-चार्टचे आहे. दोरीसाठी कायद्याने माणसे नसल्याची सबब नाकारली. सुईच्या बाबतीत ती सबब सांगावीही लागत नाही, कारण विचारणारा रकानाच नाही. भरती रखडवणाऱ्यांना याहून सोयीची व्यवस्था मिळणार नाही. कमी माणसांतही वॉर्ड शांत दिसतो. शांत वॉर्डाला जादा माणसे कोण देणार?

हे अवघडही नाही. रुग्णालयांच्या एनएबीएच मानांकनात शारीरिक आणि रासायनिक अशा दोन्ही बंधनांसाठी लेखी कार्यपद्धती मागितलेली आहे. म्हणजे मानांकनाची पाटी लावायची असेल तर सुई हे बंधन, आणि तालुक्याच्या गरीब रुग्णाला दिली की ती नुसती ओळ. पाटी ऐच्छिक आहे. रुग्णाची सुरक्षितता ऐच्छिक असू नये.

लागतो फक्त अर्ध्या पानाचा कागद. औषध, मात्रा, वेळ. कारण एका वाक्यात. सुईआधी बोलून पाहिले का, गोळी देऊन पाहिली का. साखर किती होती. पहिल्या तासाच्या चार नोंदी, प्रत्येकीपुढे सही. मागच्या वेळी कोणत्या औषधाने त्रास झाला होता. घरच्यांना कधी सांगितले. कागदाची एक प्रत रुग्णाबरोबर पुढच्या रुग्णालयात जाईल. महिन्याचा एकूण आकडा दोरीच्या आकड्याबरोबरच मंडळाकडे जाईल. आणि रुग्ण जागा झाला की त्यालाही सांगितले जाईल की काल रात्री तुला काय दिले आणि का दिले. त्याच्या शरीरात गेलेल्या औषधाचे नाव कळण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. मागच्या वेळी मान आखडली होती, हे शुद्धीवर असताना तोच सांगू शकतो. त्याला विचारले तर.

नाशिकने हे आधी करावे, याला कारणे आहेत. राज्यभरातल्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पदवी परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशकात, म्हसरूळला आहे. इंटर्नच्या लॉगबुकात हा कागद घालणे विद्यापीठाच्या हातात आहे. एका वर्षात तो जिल्ह्याजिल्ह्यात पोचेल. दुसरे कारण 2027 चा सिंहस्थ. लाखोंच्या गर्दीत वाट चुकलेली, उपाशी, उन्हाने आणि जागरणाने भ्रमिष्ट झालेली म्हातारी माणसे आणली जातील. बरोबर घरचे कुणी नसेल. भाषा कळणार नाही. भटकत असलेल्या आणि स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचे नाही, 24 तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे, असे कलम 100 सांगते. तिथे पोचल्यावर त्याचे काय होते? गर्दीत सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे सुई. आणि ज्याच्याबद्दल विचारणारे कुणी नाही, त्याच्यासाठी कागदच विचारणारा असतो.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी, महापालिकेच्या आरोग्य विभागाने आणि खासगी रुग्णालयांनी मुंबईच्या आदेशाची वाट पाहू नये. नोंद ठेवायला कायद्याची मनाई नाही. पहिल्या महिन्याचा आकडा कदाचित अडचणीचा निघेल. तो दडवू नये. तोच पुढे करून परिचारिका आणि कक्षसेवकांच्या जागा मागाव्यात. कलम 97 मध्ये ‘शारीरिक’ शब्दाशेजारी औषधाने घातलेले बंधनही यावे, ही मागणी राज्याने केंद्राकडे करावी.

आणि वाचकहो, आपल्या घरच्या माणसाला अशी सुई देण्याची वेळ आली तर डॉक्टरांशी भांडू नका, सुई अडवूही नका. औषध कोणते, किती, किती वाजता दिले आणि पुढच्या तासात कोण पाहणार, एवढे विचारा आणि लिहून घ्या. मग खाटेजवळून हलू नका. दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले तर तो कागद सर्वांत आधी पुढे करा.